धातू का वाकतो आणि का तुटतो

विजेच्या कामाला लागणाऱ्या तांब्याच्या उघड्या तारेचा हातभर तुकडा घ्यावा, शेगडीतील निखाऱ्यांवर लाल होईपर्यंत तापवावा आणि निवू द्यावा. काडेपेटीतील काडीच्या दुप्पट जाडीची ती तार मग बोटांच्या साध्या दाबाने वाकते. आता तीच तार पुन्हा सरळ करून पाहावी. पहिल्यापेक्षा अधिक जोर लागतो. इतकेच नव्हे, तर वाकलेली जागा सरळ होण्याऐवजी तिच्या शेजारचा भागच वाकू लागतो. हा खेळ त्याच जागी दहावीस वेळा केला, की तार ताठ होत होत अखेर एकाएकी तुटते. मात्र तुटण्यापूर्वी ती पुन्हा निखाऱ्यांवर धरली, तर पहिल्यासारखी मऊ होते. वर चढलेला काळा पापुद्रा सोडला, तर ह्या साऱ्या प्रकारात तारेत बाहेरून काही आले नाही आणि तिच्यातून काही गेले नाही. तांबे होते ते तांबेच राहिले. मग बदलले काय?

तांबटाच्या हाताला ह्या प्रश्नाचे अर्धे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पत्रा ठोकता ठोकता कठीण होऊ लागला, की तो पुन्हा भट्टीत घालावयाचा आणि मऊ करून पुढे ठोकावयाचा. पण भांड्याचा घाट पुरा झाल्यावर शेवटचे जे मठारकाम होते, त्यानंतर भांडे भट्टीत जात नाही. हातोडीच्या त्या एकसारख्या ठशांनी भांड्याला शोभा येते, आणि त्याबरोबरच ते असे ताठ होते की घागर भरून उचलली तरी तिचा घाट बिघडत नाही. लोहार, सोनार, तार ओढणारा कारागीर, सर्वांच्या धंद्यात हाच नियम निरनिराळ्या रूपांनी वावरतो. नियम जुना आहे. त्याचे कारण मात्र १९३४ सालापर्यंत कोणालाही सांगता आले नव्हते. आणि ते जेव्हा सापडले, तेव्हा मोठे विलक्षण निघाले. धातू वाकतो तो त्याच्या रचनेत व्यवस्था आहे म्हणून नव्हे, तर त्या व्यवस्थेत जागोजागी उणीव आहे म्हणून!

हे समजण्यासाठी प्रथम धातूच्या अंतरंगात डोकावले पाहिजे. स्फटिक म्हटले की खडीसाखर, तुरटी किंवा मीठ डोळ्यांपुढे येते. तांबे, लोखंड, ॲल्युमिनियम हीही स्फटिकच आहेत, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या बादलीवर जी चकाकणारी फुले दिसतात, ती वस्तुतः जस्ताचे स्फटिक होत. इतर धातूंतही असेच कण असतात, परंतु ते फार बारीक असल्यामुळे घासून, आम्ल लावून आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवूनच पाहावे लागतात. प्रत्येक कणात अणू ओळीने आणि थराने, समान अंतरावर मांडलेले असतात. १९१२ साली जर्मनीत माक्स फोन लाउए ह्यांनी क्ष-किरणांच्या साह्याने ही मांडणी शोधण्याचा मार्ग दाखविला आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये ब्रॅग पितापुत्रांनी अणूंची प्रत्यक्ष ठिकाणे मोजण्यास प्रारंभ केला. तांब्यात अणू इतके दाटीने बसलेले असतात, की एका सेंटिमीटरच्या ओळीत ते सुमारे चार कोटी भरतात.

धातू वाकतो तेव्हा हे थर एकमेकांवरून घसरतात. पत्त्यांचा जोड हातात धरून वरून तिरका रेटा दिला म्हणजे एकेक पत्ता खालच्यावरून सरकतो आणि जोड तिरपा होतो. तसेच काहीसे धातूत घडते. १९०० सालच्या सुमारास केंब्रिजचे युइंग आणि रोझेनहाइन ह्यांनी गुळगुळीत घासलेला धातू ताणून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यांना प्रत्येक कणावर समांतर बारीक रेघा उमटलेल्या दिसल्या. थर घसरल्याने पृष्ठभागावर पडलेल्या त्या पायऱ्या होत्या.

येथवर सर्व सरळ वाटते. अडचण पुढे आली ती हिशेबाची. एक अख्खा थर दुसऱ्यावरून सरकावयाचा, म्हणजे त्या थरातील सर्वच्या सर्व अणूंनी खालच्या अणूंचा हात एकाच क्षणी सोडून पुढच्याचा धरावयाचा. ह्याला किती जोर लागावा? १९२६ साली रशियन शास्त्रज्ञ याकोव्ह फ्रेंकेल ह्यांनी हे गणित मांडले. आलेले उत्तर प्रत्यक्ष अनुभवाशी ताडून पाहिले, तेव्हा दोहोंत जमीनअस्मानाचे अंतर पडले. शुद्ध धातूचा एकसंध स्फटिक त्या गणिताने सांगितलेल्या जोराच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी जोराने वाकत होता. गणितात थोडीफार दुरुस्ती करून हे अंतर बुजण्यासारखे नव्हते. गणित खरे मानावे, तर तांब्याची ती तार बोटांनी वाकणे अशक्य होते. आणि तार तर डोळ्यांदेखत वाकत होती.

अशा वेळी दोष आकडेमोडीत नसतो, आरंभी गृहीत धरलेल्या गोष्टीत असतो. सर्व अणू एकदम सरकतात हे कशावरून? मालगाडी स्थानकातून सुटताना नीट लक्ष द्यावे. पन्नास डब्यांची ती अवजड गाडी इंजिनाने एकदम हलवावयाची म्हटली तर जड जाते. परंतु डब्यांना जोडणाऱ्या साखळ्यांत थोडी ढिलाई असते. त्यामुळे पहिला डबा आधी हलतो, मग दुसरा, मग तिसरा, आणि खडखडाटाची एक लाट गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत जाते. शेवटी सारी गाडी हललेली असते, पण कोणत्याही एका क्षणी इंजिनाला एखाद्या डब्याचीच जडता मोडावी लागलेली असते. स्फटिकाच्या थरातही अशीच एखादी लाट धावत असेल तर?

हा विचार १९३४ साली तीन शास्त्रज्ञांच्या मनात स्वतंत्रपणे परिपक्व झाला. केंब्रिजचे जॉफ्री टेलर हे एक. आणि मूळचे बुडापेस्टचे, बर्लिनमध्ये संशोधन केलेले एगोन ओरोवान व मायकेल पोलान्यी हे दुसरे दोघे. ओरोवान आणि पोलान्यी ह्यांचे लेख एकाच जर्मन नियतकालिकात पाठोपाठ प्रसिद्ध झाले, टेलर ह्यांचा लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात. तिघांचे म्हणणे एकच होते. प्रत्यक्षातला स्फटिक निर्दोष नसतो. त्याच्या मांडणीत जागोजागी ओळ चुकलेली असते, आणि घसरण्याची क्रिया ह्या चुकलेल्या जागांच्या आधारे थोडी थोडी पुढे सरकते. इंग्रजीत ह्या चुकीला ‘डिस्लोकेशन’ हे नाव आहे. हाडाचा सांधा निखळला म्हणजे डॉक्टर जो शब्द वापरतात, तोच हा शब्द. मराठीत ह्याला स्थानभ्रंश म्हणता येईल.

स्थानभ्रंश म्हणजे नेमके काय, हे शाळेच्या कवायतीच्या मैदानावरून चटकन कळते. मैदानाच्या उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत मुलांच्या वीस रांगा सरळ उभ्या आहेत. आता उत्तरेकडून एक जादा रांग मधे घुसली आणि मैदानाच्या मध्यावर येऊन संपली, अशी कल्पना करावी. उत्तरेच्या अर्ध्या भागात एकवीस रांगा झाल्या, दक्षिणेच्या अर्ध्यात वीसच राहिल्या. त्या अर्ध्या रांगेच्या टोकाशी उत्तरेकडील मुलांची दाटी होते, दक्षिणेकडील मुलांत अंतर पडते. पण तेथून दहा पावले दूर गेले, की काही चुकले आहे असे कोणाला वाटणारही नाही. स्फटिकात अशी मैदाने एकावर एक असंख्य रचलेली असतात. म्हणून अर्धवट रांगांची सर्व टोके मिळून एक रेषा तयार होते. ह्या रेषेलाच स्थानभ्रंश म्हणावयाचे.

आता उत्तरेच्या सर्व मुलांना पूर्वेकडे हलका रेटा दिला, असे समजावे. अर्ध्या रांगेचे टोकाचे मूल किंचित सरकते आणि शेजारच्या पुऱ्या रांगेच्या दक्षिण अर्ध्याशी जुळते. ती पुरी रांग मधोमध तुटते आणि तिचा उत्तरेचा अर्धा भाग आता एकटा पडतो. म्हणजे प्रत्येक मूल पाऊलभरही हलले नाही, पण ‘अर्धी रांग’ मात्र एक जागा पूर्वेकडे गेली. हेच पुन्हा पुन्हा घडत राहिले, की ती अर्धी रांग मैदानाच्या कडेला पोहोचते आणि नाहीशी होते. त्या वेळी मैदानाचा उत्तर भाग दक्षिण भागावरून बरोबर एका घराने सरकलेला असतो. सर्वांना एकदम रेटावे लागले असते तर जे अशक्यप्राय होते, ते एकेका टोकाच्या हलक्या हालचालीने पार पडले. फ्रेंकेल ह्यांचे गणित चुकलेले नव्हते. ते निर्दोष स्फटिकाचे होते, आणि कारागिराच्या हाती येणारा धातू निर्दोष नसतो.

पुढे १९३९ साली नेदरलँड्समधील यान बर्गर्स ह्यांनी दुसऱ्या जातीच्या स्थानभ्रंशाचे वर्णन केले. त्यात जादा रांग नसते, तर थर एका रेषेभोवती गोल जिन्याप्रमाणे वळत वर चढत असतात. प्रत्यक्ष धातूत ह्या दोन्ही जाती आणि त्यांचे मिश्रण आढळते.

आरंभी हे सारे कागदावरचेच होते. अणू डोळ्यांना दिसत नाहीत, तेव्हा त्यांच्या चुकलेल्या रांगा कोण पाहणार? १९४७ साली केंब्रिजच्या कॅव्हेन्डिश प्रयोगशाळेत लॉरेन्स ब्रॅग आणि जॉन नाय ह्यांनी एक सुंदर युक्ती योजिली. साबणाच्या पाण्याच्या पृष्ठभागावर, एकसारख्या आकाराचे, मिलिमीटर-दोन मिलिमीटर व्यासाचे हजारो बुडबुडे त्यांनी सोडले. ते बुडबुडे एकमेकांना ओढून घेत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नेटकी मांडणी करीत. हा तराफा बाजूने दाबला, की त्यात एखादी अर्धी ओळ अवचित प्रकट होई आणि सरसर धावत दुसऱ्या टोकाला नाहीशी होई. तीन शास्त्रज्ञांनी तर्काने जे वर्णिले होते, ते बशीभर पाण्यावर खेळताना दिसू लागले.

आता तारेच्या कोड्याकडे वळू. स्थानभ्रंशामुळे धातू मऊ असतो, हे पटले. मग वाकविल्याने तो कठीण का व्हावा? उत्तर असे की वाकविताना स्थानभ्रंश संपत नाहीत, उलट वाढतात. १९५० साली चार्ल्स फ्रँक आणि थॉर्नटन रीड ह्यांनी ह्या वाढीची रीत दाखवून दिली. स्थानभ्रंशाच्या रेषेची दोन टोके कोठे अडकून पडलेली असली, तर जोर पडताच तिचा मधला भाग खुंट्यांना बांधलेल्या कापडासारखा फुगतो, फुगत फुगत मागे वळतो, आणि एक पुरे वेटोळे सुटून पुढे जाते. मूळ रेषा जागच्या जागी राहते आणि पुन्हा फुगू लागते. अशी एकामागून एक वेटोळी बाहेर पडतात.

ह्या वाढीचे प्रमाण ऐकून मन थक्क होते. भट्टीत नीट मऊ केलेल्या धातूच्या एका घन सेंटिमीटरातील सर्व स्थानभ्रंश सोडवून एकापुढे एक मांडले, तर ती रेषा सुमारे १० किलोमीटर भरेल. तोच धातू भरपूर ठोकल्यावर तिची लांबी सुमारे एक कोटी किलोमीटरपर्यंत जाते. पृथ्वीपासून चंद्र सुमारे ३,८४,००० किलोमीटर दूर आहे. म्हणजे साखरेच्या लहानशा वडीएवढ्या तुकड्यात चंद्रापर्यंतच्या अंतराच्या पंचवीसपटीहून अधिक लांबीचा गुंता भरलेला असतो. इतक्या रेषा इतक्या थोड्या जागेत दाटल्या, की त्या एकमेकींच्या वाटेत येतात, एकमेकींत अडकतात, गाठी पडतात. सण संपल्यावर जत्रेच्या अरुंद वाटेवर चारी बाजूंनी गाड्या शिरल्या म्हणजे जे होते, तेच येथे होते. ज्यांच्या चालण्याने धातू वाकत होता, त्यांचेच चालणे खुंटते. म्हणून सरळ करताना जोर अधिक लागतो. ज्या जागी गुंता सर्वाधिक, तेथे पुढे घसरण्यास वावच उरत नाही, आणि तार तुटते.

भट्टीत काय होते हेही आता सांगता येते. उष्णतेने अणूंची धडपड वाढते. ते एका जागेवरून दुसऱ्या जागी जाऊ शकतात. गुंत्यात अडकलेल्या रेषा त्यामुळे वाट काढतात. उलटसुलट जातीच्या दोन रेषा एकत्र आल्या, की उत्तरेची अर्धी रांग आणि दक्षिणेची अर्धी रांग जुळून एक पुरी रांग व्हावी, तशा त्या एकमेकींना मिटवून टाकतात. अधिक तापविले तर जुन्या कणांच्या जागी नवे, स्वच्छ कण जन्मास येतात. वाट मोकळी झाली, की तांबे पुन्हा मऊ. तांबटाची हातोडी गुंता घालते आणि तांबटाची भट्टी तो सोडविते; दोन शब्दांत सांगावयाचे तर हीच त्या धंद्याची विद्या.

एवढे कळल्यावर धातूला बळकट करण्याच्या साऱ्या जुन्या युक्त्यांचा अर्थ एकाच सूत्रात ओवता येतो. ते सूत्र म्हणजे स्थानभ्रंशाच्या वाटेत अडथळे उभे करणे. तांब्यात जस्त मिसळून पितळ केले किंवा कथील मिसळून कासे केले, की निराळ्या आकाराचे अणू ओळीत बसतात, ओळ खडबडीत होते आणि रेषेची चाल मंदावते. जर्मनीत अल्फ्रेड विल्म ह्यांना १९०६ साली एक चमत्कार आढळला होता. ॲल्युमिनियममध्ये शेकडा चारच्या आसपास तांबे मिसळून, तापवून, पाण्यात विझविलेला त्यांचा मिश्रधातू नुसता ठेवून दिल्यावर काही दिवसांत आपोआप कठीण झाला. ड्युरॅल्युमिन ह्या नावाने तो विमानाच्या कामी आला. त्याचे रहस्य १९३८ साली फ्रान्समध्ये गिनिए आणि इंग्लंडमध्ये प्रेस्टन ह्यांनी स्वतंत्रपणे उलगडले: तांब्याचे अणू हळूहळू एकत्र जमून अतिसूक्ष्म पुंजके करतात. हेच पुंजके स्थानभ्रंशाच्या रेषांना अडवून धरतात. तसेच धातूतील कण बारीक केले तर कणांच्या सीमा वाढतात, आणि प्रत्येक सीमा हा एक बांध ठरतो. कण जितके बारीक तितके पोलाद बळकट, हा नियम हॉल ह्यांनी १९५१ साली आणि पेच ह्यांनी १९५३ साली मांडला.

मग अडथळे वाढवीतच का जाऊ नये? येथे ह्या विषयाची दुसरी, अधिक गंभीर बाजू सुरू होते. काच घ्यावी. काचेत अणूंची नियमित मांडणीच नाही, म्हणून रांगेने घसरणेही नाही. काच कठीण असते. पण तिला एक चरा पडला आणि थोडा ताण आला, की तडा सरळ आरपार जातो. धातूत मात्र तड्याच्या टोकाशी ताण एकवटला, की तेथील स्थानभ्रंश हलू लागतात, धातू थोडासा वाकतो, टोक बोथट होते आणि ताण विखुरला जातो. तडा थांबतो. म्हणजे ज्या उणिवेमुळे धातू दुबळा ठरतो, तीच त्याला फुटण्यापासून वाचविते. ही हालचाल बंद पडली, तर पोलादाची काच व्हावयास वेळ लागत नाही.

ही नुसती कल्पना नव्हे, हे दुसऱ्या महायुद्धात फार महाग पडून कळले. १९४१ ते १९४५ ह्या काळात अमेरिकेने ‘लिबर्टी’ जातीची सुमारे २,७०० मालवाहू जहाजे बांधली. वेळ वाचविण्यासाठी पत्रे रिव्हेट मारून जोडण्याऐवजी ती वेल्डिंगने सांधलेली होती. त्यांतील कित्येक जहाजांना, विशेषतः उत्तरेकडील थंड समुद्रांत, एकाएकी तडे जाऊ लागले. ह्या काळातील सर्वांत बोलका प्रसंग घडला तो लिबर्टी जहाजावर नव्हे, तर ‘स्केनेक्टडी’ नावाच्या तेलवाहू जहाजावर. १६ जानेवारी १९४३ च्या रात्री ओरेगॉन राज्यातील पोर्टलंड येथे हे नवे कोरे जहाज धक्क्याला बांधलेले होते. समुद्रावरील चाचणी नुकतीच पार पडली होती. वादळ नव्हते, लाट नव्हती, शत्रूचा गोळा नव्हता. हवेत मात्र गोठविणारी थंडी होती. अकस्मात स्फोटासारखा आवाज झाला आणि जहाजाचे वरचे तळे व दोन्ही बाजू मधोमध तडकल्या. जहाज जवळजवळ दुभंगले. पुढे त्याची दुरुस्ती होऊन ते कामावरही रुजू झाले. पण बंदरात शांतपणे उभे असलेले पोलाद असे फुटले कसे, हा प्रश्न मागे राहिला.

दोष वेल्डिंगचा, असे प्रथम सर्वांस वाटले. ह्या शोधात मोलाचे काम केले ते केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर ह्या विदुषींनी. त्यांचे माहेरचे आडनाव एलाम. स्थानभ्रंशाची कल्पना जन्मण्याच्या अकरा वर्षे आधी, १९२३ साली, ॲल्युमिनियमचा एकसंध स्फटिक ताणला असता त्याचे थर कोणत्या दिशेने घसरतात, हे टेलर ह्यांच्यासह मोजणाऱ्या संशोधिका त्याच. टेलर ह्यांच्या १९३४ सालच्या विचाराला जी भूमी लाभली, ती अशा मोजमापांची होती. युद्धकाळात टिपर ह्यांनी जहाजांचे पोलाद निरनिराळ्या तापमानांवर मोडून पाहिले. त्यांच्या ध्यानी आले, की खरा प्रश्न पोलादाचाच आहे. उबेत जे पोलाद वाकते आणि ताणले जाते, तेच एका विशिष्ट तापमानाखाली गेले की काचेसारखे तडकते. रिव्हेट मारलेल्या जहाजातही असे पोलाद असू शकते. परंतु तेथे तडा एका पत्र्याच्या कडेशी येऊन थांबतो. वेल्डिंगने सारे जहाज एक अखंड पत्रा झाल्यावर तड्याला थांबावयास जागाच उरत नाही. मालाच्या तोंडाचे चौकोनी कोपरे हे ताण एकवटण्याचे ठिकाण, आणि तडे बहुधा अशाच ठिकाणांहून निघत. कॉन्स्टन्स टिपर पुढे १०१ वर्षे जगल्या. १९९५ साली त्यांचे निधन झाले.

थंडीने पोलाद असे का वागते, ह्याचेही मूळ स्थानभ्रंशातच आहे. लोखंडातील अणूंची मांडणी तांब्याहून किंवा ॲल्युमिनियमहून निराळी आहे. तिच्यातील गोल जिन्यासारख्या स्थानभ्रंशांना पुढचे पाऊल टाकताना उष्णतेच्या धडपडीचे साहाय्य लागते. थंडी वाढली की ते साहाय्य तुटते, आणि तड्याच्या टोकाशी त्यांना वेळेवर धावता येत नाही. तडा पुढे निघून जातो. तांबे आणि ॲल्युमिनियम ह्यांची मांडणी अशी, की अतिशीत तापमानातही त्यांतील स्थानभ्रंश सहज चालतात. म्हणूनच शून्याखाली दीडशे अंशांहूनही अधिक थंड असा द्रवरूप नैसर्गिक वायू साठविण्याच्या टाक्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंच्या, किंवा शेकडा नऊ निकेल मिसळलेल्या खास पोलादाच्या करतात. साध्या पोलादाच्या कधीही करीत नाहीत.

इतके सारे कळत होते, तरी धातूच्या पोटात चालणारा स्थानभ्रंश प्रत्यक्ष कोणी पाहिला नव्हता. तो योग १९५६ साली आला. कॅव्हेन्डिश प्रयोगशाळेतच पीटर हिर्श, रॉबर्ट हॉर्न आणि मायकेल व्हेलन ह्यांनी ॲल्युमिनियमचा अत्यंत पातळ पापुद्रा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि पडद्यावर बारीक काळ्या रेषा हलताना दिसल्या. त्याच वर्षी जिनीव्हामध्ये वाल्टर बोलमान ह्यांनीही पोलादात त्या पाहिल्या. तर्क आणि दर्शन ह्यांमध्ये बावीस वर्षे गेली होती.

त्यानंतर स्थानभ्रंश हा केवळ समजून घेण्याचा विषय न राहता हवा तसा वापरण्याचा विषय झाला. जेथे तो नको, तेथून तो पूर्णपणे काढून टाकण्याची कलाही साधली. संगणकाच्या चकत्यांसाठी सिलिकॉनचा स्फटिक लागतो. तो ओढताना आरंभी त्याची मान अगदी बारीक केली, की सर्व स्थानभ्रंश कडेला येऊन संपतात आणि पुढचा स्फटिक स्वच्छ वाढतो, हे विल्यम डॅश ह्यांनी १९५८-५९ च्या सुमारास दाखविले. आज ३० सेंटिमीटर व्यासाचे असे स्थानभ्रंशरहित स्फटिक कारखान्यात तयार होतात.

जेट इंजिनाच्या पात्यांची गोष्ट आणखी निराळी. तेथे धातू लालभडक तापलेला असतो आणि त्याच वेळी वेगाने फिरत असल्यामुळे ताणलाही जात असतो. थंडपणी बांधाचे काम करणाऱ्या कणांच्या सीमा ह्या उष्णतेत दुबळ्या ठरतात आणि पाते हळूहळू लांबू लागते. म्हणून अख्खे पाते एकाच स्फटिकाचे ओततात, आणि निकेलच्या त्या मिश्रधातूत बारीक घन तुकडे असे दाट पेरतात, की स्थानभ्रंशांना त्या उष्णतेतही वाट मिळू नये. हैदराबाद येथील संरक्षण खात्याच्या धातुसंशोधन प्रयोगशाळेने हे काम साधले. हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी अशी ६० एकस्फटिकी पाती तिने हिंदुस्तान एरोनॉटिक्सला पुरविल्याचे एप्रिल २०२१ मध्ये जाहीर झाले.

सिलिकॉनमधून स्थानभ्रंश हद्दपार करावयाचे, पात्यात त्यांना जखडून ठेवावयाचे, आणि जहाजाच्या तळात मात्र त्यांना चालण्यास मोकळीक ठेवावयाची. एकाच गोष्टीशी वागण्याच्या ह्या तीन तऱ्हा झाल्या. धातू चांगला की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या कामासाठी आणि किती थंडीत वा उष्णतेत, हे विचारल्यावाचून त्याला उत्तर नाही. जहाजाच्या पोलादाची प्रत ठरविताना आज केवळ ते किती भार पेलते एवढेच पाहत नाहीत. त्याचा खाच पाडलेला तुकडा प्रतीनुसार शून्य अंशावर, उणे २० अंशांवर किंवा उणे ४० अंशांवर थंड करतात, त्यावर घणाचा आघात करतात आणि तो मोडण्यापूर्वी किती शक्ती शोषून घेतो हे मोजतात. ह्या परीक्षेत उतरलेले पत्रेच थंड समुद्रात जाणाऱ्या जहाजाच्या नाजूक जागी बसतात. त्यावरून प्रवास करणाऱ्या खलाशांना स्थानभ्रंश हा शब्दही ठाऊक नसेल; परंतु वादळी रात्री पायांखालचे पोलाद थोडे वाकेल पण तडकणार नाही, हा त्यांचा भरवसा त्या अदृश्य रेषांच्या मोकळ्या चालीवरच उभा आहे.